कसोटीपूर्वीचे अंदाजपत्रक

दोन पूर्णांक घ्यावेत आणि त्यांची बेरीज करून द्यावी, एवढेच काम करणारी एक चिमुकली आज्ञावली आपल्यापुढे आहे, असे समजू. त्या दोन्ही संख्या संगणकाच्या परिभाषेत 32 बिटांच्या असतील, तर प्रत्येकीला 4,29,49,67,296 निरनिराळी मूल्ये धारण करता येतात. आणि या आज्ञावलीला देता येण्याजोग्या प्रत्येक जोडीची बेरीज बरोबर येते की नाही, हे एकही जोडी न वगळता पडताळून पाहण्याचे कोणी मनात आणले, व त्यासाठी सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासणारे यंत्र त्याने पैदा केले, तरी ते काम तडीस जाण्यास सुमारे 584 वर्षे लागतील. दक्षिणेत बहमनी सुलतानांची अमदानी असताना सुरू केलेली तपासणी आज कोठे संपत आली असती, इतका हा काळ आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच बोधप्रद आहे. 32 बिटांची एकच संख्या घेऊन तिचे वर्गमूळ काढणारी आज्ञावली असेल आणि यंत्राचा वेग तोच धरला, तर तिची एकूण एक मूल्ये तपासून होण्यास साडेचार सेकंदही लागत नाहीत, आणि तेथे नमुन्यादाखल चार-दोन संख्या पाहून समाधान मानणे हा निव्वळ आळस ठरतो. दिसायला दोन्ही कामे सारखीच साधी. परंतु त्यांतले एक अशक्य कोटीतले आहे आणि दुसरे हातासरशी उरकणारे आहे, हे कळण्यासाठी संगणक सुरूही करावा लागत नाही, कागद आणि पेन्सिल पुरते. सॉफ्टवेअरची चाचणी सुरू करण्यापूर्वी तिला किती वेळ लागेल आणि किती साधनसामग्री खर्ची पडेल याचा अदमास घेण्याची जी विद्या, तिचे महत्त्व या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

आपण मोबाइलवरून विजेचे बिल भरतो, बँकेतून पैसे पाठवतो, रेल्वेचे तिकीट काढतो, तेव्हा ज्या सॉफ्टवेअरवर आपण विसंबतो ते एकदा लिहून झाले आणि काम संपले, असे कधीच नसते. त्यात नित्य दुरुस्त्या होत असतात, नवी कलमे घातली जातात, जुनी काढली जातात. आणि प्रत्येक फेरफारानंतर, पूर्वी नीट चालणारे काही बिघडले नाही ना, याची खातरजमा करावी लागते. ही खातरजमा दर वेळी माणसाने हाताने करणे शक्य नसल्यामुळे चाचण्याही आज्ञावलीच्याच रूपात लिहून ठेवतात, आणि संगणक त्या एकामागून एक चालवून निकाल नोंदवीत जातो. पुण्याच्या हिंजवडीत असो की बंगळुरूत, अभियंता सायंकाळी आपला बदल दाखल करून घरी जातो, रात्रभर सर्व्हरवर हजारो चाचण्या चालतात, आणि सकाळी त्यांचा निकाल हिरव्या-तांबड्या खुणांनी त्याच्यापुढे हजर होतो. रात्रीचे हे मोजके तास हीच पुष्कळ ठिकाणी साऱ्या व्यवहाराची मर्यादा असते. दहा तासांत आटोपणारी तपासणी सकाळच्या निर्णयाला उपयोगी पडते, आणि चौदा तास घेणारी तपासणी, ती कितीही परिपूर्ण असली, तरी निर्णय होऊन गेल्यावर येऊन पोहोचते.

म्हणून चाचणीचेही रीतसर अंदाजपत्रक असावे लागते. चाचण्या एकंदर किती, प्रत्येकीला वेळ किती, मेमरी किती, एका यंत्रावर एकाच वेळी किती चाचण्या सुखाने नांदतील, अशी यंत्रे किती हवीत, अनपेक्षित अडचणींसाठी शिल्लक किती ठेवावी, आणि हे सर्व नेमलेल्या मुदतीत बसत नसेल तर काय वगळावे, ही त्या अंदाजपत्रकातील कलमे होत. यांपैकी एकेका कलमामागे गेल्या शंभर वर्षांतील थोर गणितज्ञांचे व अभियंत्यांचे चिंतन उभे आहे, आणि ते सामान्य वाचकालाही सहज उमगेल असे आहे.

पहिले कलम एकेका चाचणीच्या वेळेचे. येथे आरंभीच एक मूलभूत अडचण उभी राहते. एखादी आज्ञावली आणि तिला द्यायची माहिती समोर ठेवली असता, ती आज्ञावली केव्हातरी थांबेल की अनंत काळ चालत राहील, हे सर्व प्रकरणांत बिनचूक सांगणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही, असे ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाच्या 1936 सालच्या निबंधाने दाखवून दिले आहे. तेव्हा चाचणी आपण होऊन संपेल या भरवशावर बसून राहता येत नाही. प्रत्येकीला मुदत नेमून द्यावी लागते, आणि मुदत उलटली की ती सक्तीने बंद करून नापास म्हणून नोंदवावी लागते. या मुदतीलाच व्यवहारात टाइमआउट म्हणतात. गूगल कंपनीने 2015 साली सर्वांसाठी खुले केलेले बेझल नावाचे साधन आहे; त्यात चाचणी लिहिणाऱ्याने ती लहान, मध्यम, मोठी की प्रचंड, हे आधीच जाहीर करायचे असते. लहान म्हटली की तिला 1 मिनिटाची मुदत मिळते, मध्यम चाचणीला 5, मोठीला 15 आणि प्रचंड चाचणीला 60 मिनिटांची; आणि त्याबरोबरच त्या चाचण्या अनुक्रमे 20, 100, 300 व 800 मेगाबाइट मेमरी वापरतील असे गृहीत धरून कोणत्या चाचण्या एकत्र चालवाव्यात याची तजवीज ते साधन करते. चाचणीने प्रत्यक्षात घेतलेल्या वेळेच्या मानाने जाहीर केलेली मुदत फारच सैल असेल, तर तसा इशाराही ते देऊ शकते. लेखकाला अगोदर शब्द द्यायला लावणे, आणि मग त्या शब्दाशी वस्तुस्थिती ताडून पाहणे, ही त्यातली शिस्त मला फार मोलाची वाटते.

हा शब्द कशाच्या आधारे द्यावा? चाचणी पूर्वी चाललेली असेल, तर तिच्या जुन्या नोंदी हा सर्वोत्तम आधार. पण त्या नोंदींची केवळ सरासरी काढणे घातक असते, कारण चाचण्यांचा वेळ सरासरीच्या दोन्ही अंगांना सारखा पसरलेला नसतो. बहुतेक वेळा 12 मिनिटांत संपणारी चाचणी क्वचित 10 मिनिटांत संपेल, पण जाळे मंदावले किंवा डेटाबेस दुसऱ्या कामात गुंतला, तर ती 50 मिनिटेही घेईल. घसरण थोडी आणि चढ मोठा, असा तिचा स्वभाव असतो. नोंदी नसतील तेव्हा 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पात रूढ झालेला एक ठोकताळा उपयोगी पडतो: अनुकूल अंदाज एकदा, संभाव्य अंदाज चार वेळा आणि प्रतिकूल अंदाज एकदा अशी बेरीज करावी व तिला 6 ने भागावे. वरच्या आकड्यांना तो लावला, तर उत्तर 18 मिनिटे येते. नेहमीच्या 12 मिनिटांपेक्षा ते दीडपट आहे. आणि शेकडो चाचण्यांच्या बेरजेत हीच तफावत रात्रीचे सारे वेळापत्रक कोलमडवून टाकते.

दुसरे कलम मेमरीचे, आणि अनुभवी माणसेही फसतात ती येथे. 16 गीगाबाइट मेमरीचे यंत्र आहे आणि प्रत्येक चाचणीला 2 गीगाबाइट लागतात, तेव्हा आठ चाचण्या एकदम चालतील, असा हिशेब कागदावर बरोबर दिसतो. पण त्या यंत्रावरील लिनक्स प्रणालीला स्वतःसाठी काही मेमरी हवी असते, चाचणीच्या साहाय्याला उभ्या केलेल्या डेटाबेसला हवी असते, आणि ती कोणत्याच कलमात धरलेली नसते. मेमरी संपत आली की प्रथम यंत्र डिस्कचा आधार घेऊ लागते व सर्वच कामे कमालीची मंदावतात. त्यानेही भागले नाही, म्हणजे लिनक्स एखादी जड प्रक्रिया निवडून ती सक्तीने संपवते. अशा वेळी अहवालात पुष्कळदा एवढेच दिसते, की चाचणी 137 हा अंक देऊन बंद पडली. 137 म्हणजे 128 अधिक 9, आणि 9 हा सक्तीने समाप्त करण्याच्या संकेताचा क्रमांक, हे ज्याला ठाऊक आहे त्याला उलगडा होतो. ज्याला ठाऊक नाही तो निर्दोष आज्ञावलीत दोष शोधण्यात आपला दिवस घालवतो. अंदाजपत्रकात तरतूद कमी पडली असताना सॉफ्टवेअरवर ठपका येतो, आणि एकदा असे चुकीचे ठपके येऊ लागले, म्हणजे खरा ठपकाही कोणी मनावर घेत नाही.

वेळ पुरत नसेल तर यंत्रे वाढवावीत, हा उपाय कोणालाही प्रथम सुचतो. आजकाल भाड्याने हवी तितकी यंत्रे मिळत असल्यामुळे तो सोपाही झाला आहे. परंतु त्याला मर्यादा आहे, आणि ती जीन ॲमडाल या अमेरिकन संगणक-अभियंत्याने 1967 साली स्पष्टपणे दाखवून दिली. एका यंत्रावर 100 मिनिटे घेणाऱ्या कामातील 10 मिनिटे डेटाबेस उभा करण्यासारख्या, वाटून न देता येणाऱ्या पूर्वतयारीची असतील, तर दहा यंत्रे लावल्यावर ते काम 19 मिनिटांत होईल. नव्वद यंत्रे लावली तर 11 मिनिटांत. आणि यंत्रांची संख्या कितीही वाढवली, तरी 10 मिनिटांच्या खाली ते कधीच येणार नाही. नऊपट यंत्रे भाड्याने घेऊन केवळ 8 मिनिटे वाचवायची की त्या 10 मिनिटांच्या पूर्वतयारीतच काही काटकसर करायची, हा निर्णय अशा आकडेमोडीवाचून शहाणपणाने घेता येत नाही.

यंत्रे तेवढीच ठेवून केवळ कामांचा क्रम बदलल्याने काय साधते, हे याहूनही मनोरंजक आहे. तीन यंत्रे आहेत. एक चाचणी 60 मिनिटांची आहे आणि बारा चाचण्या प्रत्येकी 10 मिनिटांच्या. मोठी चाचणी शेवटी राहिली, तर आधी बारा लहान चाचण्यांत 40 मिनिटे जातील, मग एका यंत्रावर मोठी चाचणी 60 मिनिटे चालेल आणि उरलेली दोन यंत्रे रिकामी बसतील. एकूण 100 मिनिटे. तीच मोठी चाचणी आरंभी लावली, तर एका यंत्रावर ती चालू असतानाच उरलेली दोन यंत्रे प्रत्येकी सहा लहान चाचण्या उरकतात आणि सर्व काही 60 मिनिटांत संपते. सणाच्या दिवशी पुरणाची डाळ सर्वांच्या आधी चुलीवर चढते, त्यामागची गृहिणीची दूरदृष्टी हीच. बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांनी 1969 साली सिद्ध केले, की कामे परस्परांवर अवलंबून नसतील, तर लांबलचक कामे आधी लावण्याच्या या साध्या नियमाने लागणारा वेळ सर्वोत्तम वाटणीपेक्षा एक-तृतीयांशाहून अधिक कधीच वाढत नाही. त्याआधी 1966 साली त्यांनीच एक विस्मयकारक गोष्ट पुढे आणली होती: कामे एकमेकांवर अवलंबून असतील, तर एखादे यंत्र वाढवल्याने किंवा प्रत्येक कामाचा वेळ कमी केल्यानेही एकंदर वेळ उलट वाढू शकतो. आपली सहजबुद्धी येथे किती अपुरी आहे, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

चाचणीचा आणखी एक प्रकार असा, की त्यात आज्ञावली बरोबर उत्तर देते की नाही यापेक्षा गर्दीत ती टिकाव धरते की नाही, हे पाहायचे असते. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी संकेतस्थळावर जी झुंबड उडते, ती आधीच कृत्रिमपणे निर्माण करून पाहावी लागते. तेथे जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला नियम हाताशी असला म्हणजे पुष्कळ काम होते: एखाद्या ठिकाणी सरासरी किती जण हजर असतात, हे दर सेकंदाला येणाऱ्यांची संख्या आणि प्रत्येकाचा तेथील मुक्काम यांच्या गुणाकाराने मिळते. दर सेकंदाला 200 विद्यार्थी येत असतील आणि प्रत्येक जण 30 सेकंद थांबत असेल, तर एका वेळी 6,000 विद्यार्थी धरून चालावे लागते, आणि तितक्यांचे सोंग वठवणारी यंत्रे चाचणीसाठी उभी करावी लागतात. हा गुणाकार न करता एकाच यंत्रावरून सारी गर्दी निर्माण करू गेले, तर ते यंत्रच आधी थकते, आणि दोष मात्र बिचाऱ्या सर्व्हरच्या माथी येतो.

हे सर्व करूनही पुष्कळदा अंदाजपत्रक मुदतीत बसत नाही, आणि मग काय वगळावे हा सर्वांत नाजूक प्रश्न उभा राहतो. येथे एका भारतीय संख्याशास्त्रज्ञाचे ऋण साऱ्या जगाने मान्य करावे असे आहे. कर्नाटकातील हडगली येथे 1920 साली जन्मलेल्या कल्यमपुडी राधाकृष्ण राव यांनी कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत असताना, 1940 च्या दशकात, प्रयोगांच्या मांडणीसाठी ऑर्थोगोनल ॲरे या नावाने प्रसिद्ध असलेली रचना शोधून काढली. तिचे लहान रूप असे: चार बाबी आहेत, ब्राउझर, मोबाइलची प्रणाली, भाषा आणि पैसे भरण्याची पद्धत, आणि प्रत्येकीचे तीन प्रकार आहेत. सर्व मिलाफ तपासायचे तर 81 चाचण्या होतात. या रचनेप्रमाणे केवळ 9 चाचण्या निवडल्या, तर कोणत्याही दोन बाबींच्या प्रत्येक प्रकाराची गाठ प्रत्येक प्रकाराशी बरोबर एकदा पडते. एका चाचणीला 5 मिनिटे लागत असतील, तर पावणेसात तासांचे काम पाऊण तासावर येते. जपानमधील गेनिची तागुची यांनी अशाच रचना कारखान्यांतील गुणवत्तेसाठी वापरल्या, आणि पुढे त्या कल्पनेने सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात प्रवेश केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी वैद्यकीय उपकरणे, ब्राउझर, सर्व्हर अशा विविध प्रणालींतील दोषांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बहुतेक दोष एका किंवा दोन बाबींच्या संयोगाने उद्भवलेले आढळले, आणि तीन-चार बाबी एकदम जुळून आल्यावरच उद्भवणारे दोष उत्तरोत्तर विरळ होत गेलेले दिसले. वगळण्याला असा शास्त्रीय आधार असला, म्हणजे वगळणे ही निवड ठरते.

आधारावाचून वगळले तर काय होते, याचा धडा 4 जून 1996 रोजी मिळाला. त्या दिवशी फ्रेंच गयानातील कुरू येथून उडालेला युरोपचा नवा एरियान 5 अग्निबाण सुमारे 40 सेकंदांत आकाशात नष्ट झाला. दिशादर्शक यंत्रणेतील सॉफ्टवेअर पूर्वीच्या एरियान 4 साठी लिहिलेले होते. नव्या अग्निबाणाचा क्षैतिज वेग अधिक असल्यामुळे 64 बिटांत नोंदवलेली एक संख्या 16 बिटांच्या जागेत मावली नाही, आणि यंत्रणा बंद पडली. त्या यंत्रणेची चाचणी एरियान 5 च्या प्रत्यक्ष मार्गाची आकडेवारी देऊन झालीच नव्हती. तशी चाचणी करणे शक्य होते आणि तिने दोष उघडा पडला असता, असे चौकशी मंडळाने नमूद केले. पूर्वी उत्तम चाललेल्या भागावर पुन्हा वेळ व साधने खर्चण्याची जरुरी नाही, ही समजूत अशा निर्णयांच्या मुळाशी असते. चाचणीच्या अंदाजपत्रकात काय तपासणार याबरोबरच काय तपासणार नाही आणि का, हेही लेखी असावे, या आग्रहाचे कारण हेच आहे. कारण लिहून ठेवलेल्या उणिवेवर कोणाची तरी नजर पडते, कोणीतरी हरकत घेतो, आणि न लिहिलेली उणीव सर्वांच्या संमतीवाचूनच मंजूर होऊन जाते.

एक शेवटचे कलम शिलकीचे. काही चाचण्या लहरी असतात. आज्ञावलीत काहीही बदल झालेला नसताना त्या कधी पास होतात, कधी नापास. एखादी चाचणी हजारातून एकदाच असे विनाकारण नापास होत असेल, तर ते प्रमाण नगण्य वाटते. परंतु अशा 1,000 चाचण्या एका रात्री चालल्या, तर त्यांपैकी निदान एक तरी विनाकारण नापास होण्याचा संभव सुमारे 63 टक्के असतो. म्हणजे दर तीन सकाळींपैकी जवळजवळ दोन सकाळी तांबडी खूण दिसणार, हे आधीच ठरल्यासारखे आहे. आणि नापास झालेल्या चाचण्या पुन्हा चालवून पाहण्यासाठी वेळ राखून ठेवला नसेल, तर घाईने ती खूण नजरेआड करण्याची सवय लागते. ही सवय एकदा जडली, की साऱ्या चाचणीव्यवस्थेवरचा विश्वासच हळूहळू खचत जातो.

अदमास म्हणजे भविष्य नव्हे, आणि तो तंतोतंत खरा ठरावा अशी कोणी अपेक्षाही धरू नये. त्याचा खरा उपयोग चाचणी संपल्यावर सुरू होतो: 6 तासांचा अंदाज होता आणि 9 तास लागले, तर कोठे लागले, कोणत्या चाचणीने मुदत ओलांडली, मेमरी कोठे अपुरी पडली, हे विचारता येते, आणि त्या उत्तरातून पुष्कळदा सॉफ्टवेअरमधील खरे मांद्य किंवा खरा दोष हाती लागतो. ज्याने आधी काही अपेक्षिलेच नव्हते, त्याला 9 तास हा केवळ एक आकडा असतो. त्यातून शिकण्यासारखे त्याला काहीच दिसत नाही. म्हणून या व्यवसायात पाऊल टाकणाऱ्या तरुण-तरुणींना माझी आग्रहाची विनंती आहे, की चाचणी सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे काढून अपेक्षित वेळ, अपेक्षित मेमरी आणि वगळलेल्या गोष्टी एका कागदावर तारखेनिशी लिहा, आणि चाचणी संपल्यावर त्याच कागदावर प्रत्यक्षाचे आकडे भरा. आणि जे वरिष्ठ मुदती ठरवतात, कंत्राटे मंजूर करतात, त्यांनीही तो कागद मागून घ्यावा, आणि त्यात मागितलेल्या वेळेवर कात्री चालवण्यापूर्वी तो संपूर्ण वाचावा.